मोठ्याने आमेन

डोंबिवली (पूर्व)
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय जागृती,

सलाम. पत्र उघडलंस याबद्दल आभार, म्हणजे उघडलं असशील तर.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. तुझ्या नावापुढे हसरा फोटो दिसायचा, तिथे आता नुसता राखाडी गोळा दिसतो. म्हणून शेवटी पोस्टात गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "स्पीडपोस्ट करू का, काकू?" म्हटलं, "नको गं. दोन वर्षं झालीत, अजून दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

तुझा भाऊ समोर बसून पेपर वाचतोय आणि त्याने पैज लावली आहे. सुदेशचं म्हणणं असं, की विनिता उपदेश केल्याशिवाय एक पान लिहूच शकत नाही. मी म्हटलं, लिहून दाखवते. तेव्हा या पत्रात उपदेश नाही, नुसती खबरबात आहे.

आपल्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आलेत. हर्षित नाव, वय तिशीच्या आत. पहिल्याच रविवारी म्हणाले, "देवावर भरवसा ठेवा, पण उपासनेला येताना गॅस बंद केलाय ना तेही बघा." तीन बायका तिथल्या तिथे उठून घरी पळाल्या. मला माणूस आवडला. सुदेशचा गुडघा बरा आहे, पण काम सांगितलं की दुखतो.

तुझ्या चिरागचं लग्न ठरल्याचं सुदेशकडून कळलं. ऐश्वर्या तुमच्या टिटवाळ्याच्याच मंडळीतली आहे, बँकेत आहे, गायला उभी राहिली की लोक पंखे बंद करतात म्हणे. इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि बघ, पहिलं मोडलं म्हणून तर हे जमलं ना? देवाच्या मनात चांगलंच असतं. माणसाने मन मोठं करावं, जुनं उगाळत बसू नये, त्याने रक्तदाब वाढतो. मी नर्स होते, मला माहीत आहे.

(सुदेश हसतोय. हरले पैज.)

त्या बुधवारच्या प्रार्थनासभेबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहून कोणाचं भलं होणार आहे?

पुढच्या आठवड्यात सुदेश तुझ्याकडे येईल. त्याच्याबरोबर कैरीचं लोणचं पाठवते.

तुझी,
विनितावहिनी

डोंबिवली
मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रिय जागृती,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "लोणचं खारट. पत्र त्याहून." दोन वर्षांनी तू मला चार शब्द दिलेस. मी ते कार्ड फ्रिजवर लावलं आहे. सुदेश म्हणतो, शिव्यासुद्धा कोणी अशा मिरवत नाही.

बरं, तुला खबरबात नको आहे. मग त्या बुधवारबद्दलच लिहिते, माझी बाजू तरी तुला कळू दे.

सोमवारी तू माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस. तू सांगितलंस, की चिरागची नोकरी गेली आहे. साखरपुडा होऊन महिनाही झाला नव्हता. मुलीकडच्यांना अजून काही सांगितलं नव्हतं, रविवारी चिराग स्वतः त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून सांगणार होता. "वहिनी, तोपर्यंत कोणाला नको," असं तू म्हणालीस. मी मान डोलावली. आणि मी कोणाला सांगितलंही नाही. शेजारी नाही, फोनवर नाही, अगदी सुदेशलाही नाही.

बुधवारी मोहने गावात, मंडळीतल्या आपल्या ठमाबाईंच्या खोलीत प्रार्थनासभा होती. गाणी झाली, वचन झालं, मग प्रार्थनेचे विषय निघाले. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या पोराची दहावी. सगळ्यांसाठी प्रार्थना करायला तेव्हाच्या पाळकांनी नेहमीप्रमाणे मला उभं केलं. मी डोळे मिटले आणि एकेक विषय देवापुढे ठेवत गेले. शेवटी मी म्हटलं, प्रभू, आमच्या चिरागची नोकरी गेली आहे, त्याला दुसरी दे, आणि मुलीच्या घरच्यांना कळेल तेव्हा समजून घ्यायची बुद्धी दे.

मी देवाशी बोलत होते. मुलीची मावशी रंगूबाई दाराजवळ येऊन बसलेली होती, त्याला मी काय करणार? माझे डोळे मिटलेले होते!

गुरुवारी त्यांचा निरोप आला. नोकरी गेल्याचा राग नव्हता, लपवल्याचा होता. रविवारी चिराग जाणार होता, त्याआधीच सगळं आटोपलं. मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. पण तू त्यानंतर आमच्या घरी पाऊल टाकलं नाहीस. मंडळी सोडलीस, टिटवाळ्याचा फ्लॅट तयार होता तर महिनाभर आधीच राहायला गेलीस. एवढा मोठा राग? मी पोराचं भलं मागत होते. प्रार्थना करणं गुन्हा आहे का, एवढं मला सांग.

विनितावहिनी

डोंबिवली
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय जागृती,

तीन महिने तुझं उत्तर नाही. काल पत्रिका मात्र आली. चिराग आणि ऐश्वर्या, शनिवार २७ डिसेंबर. सुंदर आहे पत्रिका. वर सुदेशचं नाव तुझ्या अक्षरात आहे, आणि खाली छापलेलं "सहकुटुंब सहपरिवार" तू पेनाने खोडलं आहेस. तेही पट्टी ठेवून! बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई तू, राग आला तरी रेघ वाकडी नाही.

मी सुदेशला म्हटलं, "बघितलंस? आता तू पण जाऊ नकोस." त्याने पत्रिका घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "मी जाणार. मामा आहे मी त्याचा. तू घरी राहा आणि जरा विचार कर." आमच्या संसारात चौतीस वर्षांत त्याने मला विचार करायला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ते खातं माझ्याकडेच आहे.

मग मी तक्रार घेऊन मोहन्याला ठमाबाईंकडे गेले. तुला आठवते तशीच आहे त्यांची खोली, दोन पत्र्याच्या पेट्या, भिंतीवर क्रूस आणि शाळेतल्या शिपाईपणातून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ. त्या पालक निवडत होत्या. मी सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "तुम्हीच सांगा ठमाबाई, मी प्रार्थनाच केली ना?"

"व्हय, केली की. झ्याक केली," त्या म्हणाल्या. "समद्यांनी केवढ्यानं आमेन म्हनलं. तुला लई आवडतं ते आमेन."

एवढं बोलून त्यांनी माझ्या पुढ्यात अर्धा पालक सरकवला. मी निवडत बसले. बाई, त्या पालकात एकही कीड नव्हती, पण मला माझं सगळं दिसायला लागलं.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. ऑगस्टमध्ये मी तुला लिहिलं की माझे डोळे मिटलेले होते. ते खरं आहे. पण मिटायच्या आधी मी दाराकडे पाहिलं होतं. रंगूबाई चपला काढून आत येताना मला दिसली होती. ती कोणाची मावशी आहे हेही माझ्या ध्यानात होतं. पण एकेक विषय घेत गेले, आवाज चढत गेला, लोक हुंकार भरायला लागले, आणि मला कळलं की शेवटी काहीतरी मोठं हवं. माझ्याजवळ तुझी गोष्ट होती. ती मी वापरली. लोक म्हणतात विनितावहिनी उभी राहिली की सभेला रंग येतो. मला तो रंग हवा होता, जागृती. चिरागचं भलं मी मागितलं, पण ते मागणं पुढे होतं आणि माझी हौस त्याच्यामागे दडून उभी होती.

तेव्हापासून मी सभेत मोठ्याने प्रार्थना केलेली नाही. पाळी आली की घसा बसल्याचं सांगते. दोन वर्षं घसा बसला आहे आणि एकाही शहाण्याने मला औषध सुचवलं नाही, यावरून समज सगळ्यांना काय काय माहीत आहे ते.

"पहिलं मोडलं म्हणून हे जमलं," असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते परत घेते. चांगलं झालं ते देवाने केलं. मोडलं ते मी.

चिरागचा जन्म झाला तेव्हा ड्यूटी माझी होती. त्याला पुसून पहिल्यांदा हातात घेतला तो मी. त्याच्या लग्नात मी नसेन, तर ते बरोबरच आहे असं आज प्रथमच वाटतंय, आणि तरी मला यायचं आहे. दोन्ही खरं आहे.

मला माफ कर. कारणं आता काही उरली नाहीत.

विनिता

डोंबिवली
गुरुवार, २७ नोव्हेंबर

प्रिय जागृती,

हे तुला माझ्या पत्राआधीच कळलं असणार. आपल्या मंडळीत बातमीला टपाल लागत नाही. तरी माझ्याकडून लिहिते, म्हणजे मीठमसाला वगळून मिळेल.

तुला पत्र टाकल्यावर मी पाळकांकडे गेले होते. म्हटलं, देवाकडे रोज क्षमा मागते आहे, तरी मन हलकं होत नाही. हर्षित म्हणाले, "देवाकडे कधीही मागता येईल, काकू. तो काही टिटवाळ्याला राहायला गेलेला नाही. जिचं नुकसान केलं तिच्याकडे आधी जा." म्हटलं, तिला लिहिलंय. ते म्हणाले, "छान. आणि ज्यांनी ऐकलं, त्यांचं काय?" इतक्या लहान वयात एवढी अक्कल असू नये माणसाला.

ठमाबाईंनीही तेच सांगितलं, फक्त कडक. "माज्या खोलीत बोललीस, माज्याच खोलीत येऊन बोल. आन डोळे उघडे ठिव. डोळे मिटले की तुला जोर चढतो."

काल त्यांच्याच खोलीत सभा होती. तीसेक माणसं होती. सगळे जुनेच. दाराजवळ रंगूबाई. प्रार्थनेचे विषय निघाले तेव्हा मी हात वर केला आणि उभी राहिले. घसा बसलेली बाई उभी राहिल्यावर खोली अशी गप्प झाली की कुकरची शिट्टी तीन घरं पलीकडची ऐकू आली.

मी सुरुवात केली, "दोन वर्षांपूर्वी आमच्या चिरागची..." आणि माझा पदर मागून जोरात ओढला गेला. ठमाबाई. "आगं, पुन्ना तेच सांगतीस!" खरंच गं! माफी मागायला उभी राहिले आणि तीच गोष्ट तिखटमीठ लावून परत वाढायला निघाले होते. किती जुनं दुखणं आहे बघ माझं.

मग मी घोटभर पाणी प्यायले आणि एवढंच बोलले: "माझ्या नणंदेने मला विश्वासाने एक गोष्ट सांगितली होती. मी ती तिला न विचारता या खोलीत बोलले. ती प्रार्थना नव्हती. मी चुकले, आणि मी तिची आणि तिच्या मुलाची माफी मागितली आहे, तशी तुमचीही मागते."

देवाने केलेल्या उपकाराची साक्ष दिली की लोक "स्तुती!" म्हणतात, दुखणं सांगितलं की चच् करतात, याला काय म्हणायचं ते ठरलेलंच नाही. तेवढ्यात कोपऱ्यात बाजाच्या पेटीशी बसलेल्या अण्णांना, ज्यांना कानात यंत्र घालूनही काही ऐकू येत नाही, वाटलं की प्रार्थना संपली. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन!"

आधी ठमाबाई हसल्या. मग पाळक. मग सगळी खोली, आणि हसता हसता मी रडले, आणि अण्णा एकेकाला विचारत राहिले, "काय झालं? पेटी वाजवायची का?"

चहा देताना रंगूबाई माझ्याजवळ आली. म्हणाली, "वहिनी, तुम्ही बोललात ते बोललात. पण मीसुद्धा त्या दिवशी चहा न पिता घरी धावलेले. थेट बहिणीला फोन लावला. एकदा त्या पोराला तरी विचारायचं, रविवारपर्यंत थांबायचं, एवढं सुचलं नाही मला. तोंड तुमचं एकटीचं नव्हतं." तिने तुझा नंबर मागितला. मी म्हटलं, माझ्याकडचा नंबर चालत नाही, सुदेशकडून घे. ती दोन मिनिटं हसत होती.

घरी येताना सुदेशने विचारलं, "कसं वाटतंय?" म्हटलं, दाढ काढल्यासारखं. दुखतंय, पण झोप लागेल.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुला सांगायचं होतं, सांगितलं.

विनिता

डोंबिवली
बुधवार, १० डिसेंबर

जागृती,

कार्ड मिळालं! "२२ तारखेला सकाळी ये. नाताळचं आणि लग्नाचं फराळ एकदमच करायचंय, हात कमी पडताहेत. हात आण, तोंड घरी ठेव."

येते. दोन्ही हात आणते. तोंडाचं काय करायचं ते बघते, ते चेहऱ्यालाच जोडलेलं आहे.

सुदेशला वाचून दाखवलं तर त्याने खिशातून तुझी पत्रिका काढली, खोडलेल्या ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही बाई माझी बहीण आहे, तेव्हा आता पट्टी ठेवूनच परत लिहील." महिनाभर तो पत्रिका खिशात घेऊन फिरतोय. मला माहीत नव्हतं.

साचे माझे आणू का? तुझ्याकडच्या करंजीच्या कातण्याला धार नसायची.

(हा उपदेश नाही. चौकशी आहे.)

वहिनी

डोंबिवली
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय जागृती,

आता तू मला फोनवर मोकळं केलं आहेस, रोज तासभर आपण बोलतोच, मग पत्र कशाला? तर काही गोष्टी मला बोलून दाखवता येत नाहीत. बोलायला लागले की मी दुसरंच काहीतरी बोलते.

२२ तारखेला तुझ्या स्वयंपाकघरात आपण समोरासमोर बसलो. पहिला तास तू लाटत होतीस, मी भरत होते आणि दोघीही गप्प. ऐश्वर्याची आई मध्ये येऊन डोकावून गेली, तिला वाटलं कोणी वारलं की काय. मग तू अचानक म्हणालीस, "वहिनी, सारण ठासून भरू नकोस, तळताना फुटतील." मी सारण काढलं. तुझ्याकडून रागवून घ्यायला मी किती आसुसले होते ते तुला कसं कळणार? त्या करंजीवर माझ्या डोळ्यांतलं पाणी पडलं आणि ती तरीही तू तळलीस. कोणी खाल्ली असेल देव जाणे.

लग्न तर काय, दृष्ट काढावी असं झालं. चिरागने वेदीपुढून वळल्यावर पहिल्यांदा तुझ्याकडे पाहिलं आणि नंतर मला शोधलं. मांडवात त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "मामी, तुझ्यावर राग होता यार. खूप. आता नाहीये. बस झालं." पोरगं आपल्या दोघींपेक्षा शहाणं निघालं. मग ढोलकीवर सुदेश नाचला, त्या गुडघ्याने!

जेवणाआधी तुमच्या पाळकांनी विचारलं, आशीर्वादाची प्रार्थना कोण करणार, आणि आपल्या मंडळीच्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. निम्म्या भीतीने. मी तुझ्याकडे पाहिलं. तू एक क्षणही न दवडता म्हणालीस, "ठमाबाई करतील." मी इतक्या मोठ्याने हसले की नवऱ्यामुलाच्या मामीला ते शोभलं नाही. तू बरोबर केलंस.

पण मला लिहायचं आहे ते त्या सकाळचंच. दोनशेव्या करंजीच्या आसपास, बाकीच्या बायका चहाला बाहेर गेल्या तेव्हा, तू हात पुसलेस आणि मला एक गोष्ट सांगितलीस. मी कातणं धरून बसले होते. सांगून झाल्यावर तू परत लाटायला लागलीस. पूर्वी म्हणायचीस तसं "कोणाला सांगू नकोस" म्हणशील म्हणून मी वाट पाहत होते. तू म्हणालीच नाहीस.

टिटवाळ्याहून घरी येईपर्यंत सुदेश विचारत होता, "काय एवढं बोलत होता दोघी?" म्हटलं, सारणाचं. त्याला कळलं की मी थापा मारतेय. फार खूश झाला.

ती गोष्ट हसण्यासारखी आहे की रडण्यासारखी, तेही मी इथे लिहीत नाही. पत्राचं पाकीट पातळ आहे.

परवाच्या बुधवारी सभा आमच्या घरी होती. प्रार्थनेचे विषय निघाले. माझी पाळी आली. घसा बसला आहे असं म्हणायची सवय झाली होती, तसं तोंड उघडलं, आणि म्हणाले, "माझा एक विषय आहे. माणसाचं नाव सांगणार नाही. विषयही सांगणार नाही. पण मला एकटीला पेलत नाही, तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर उभे राहा."

आपल्या मंडळीत असं कधी झालेलं नाही, तुला ठाऊक आहे. नाव नाही, गाव नाही, काय मागायचं तेही नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. रंगूबाई मात्र उठली. मग ठमाबाई, माझ्या खांद्याला धरून. मग सगळे. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात देवाला तुझं नाव सांगितलं. बाहेर आवाज काढला नाही. बराच वेळ खोलीत नुसता पंखा फिरत होता. मला वाटलं नव्हतं की मी एवढा वेळ गप्प राहू शकेन.

शेवटी ठमाबाई म्हणाल्या, "आमेन," आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी म्हटलं, इतकं मोठ्याने की खालच्या मजल्यावरची मेघाली काय झालं म्हणून वर बघायला आली. कशासाठी म्हटलं ते त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही.

तुझी,
वहिनी